मनोहररावांचा उजवा हात

इंदिराबाई अकरा मिनिटं नाचल्या की मनोहरराव एका प्रश्नातून जन्माचे सुटणार होते. नाच बायकोनं करायचा, गुडघे बायकोचे दुखायचे आणि सुटका नवऱ्याची व्हायची. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात मनोहररावांच्या वाट्याला याहून बरा सौदा आलेला नव्हता.

प्रश्न दोनच शब्दांचा. "आज कुणाचा?"

म्हैसूरात मुलगी दहा-बारा वर्षं भरतनाट्यम शिकली की आईबाप तिचा पहिला जाहीर नाच घडवून आणतात. त्याला रंगप्रवेश म्हणतात, आणि त्याचा थाट लग्नापेक्षा वीतभरच कमी असतो. मनोहरराव अशा दोनशे बारा रंगप्रवेशांना गेले होते. जरीकाठी उपरणं खांद्यावर टाकून ते चपला शोधायला लागले की आतून आवाज यायचा, "आज कुणाचा?" ते नाव सांगायचे. आतून "हं" यायचं. बस्स, एवढंच. पण त्या "हं"ला शेपूट होतं, आणि ते अग्रहारातल्या घरापासून सभागृहाच्या पायरीपर्यंत त्यांच्या मागे लोळत यायचं.

कारण इंदिराबाईंचा रंगप्रवेश राहिला होता. तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. तारीख ठरली होती, पत्रिका छापून आल्या होत्या, आणि त्याच महिन्यात मनोहररावांचं स्थळ आलं. "नाच काय, लग्नानंतरही करता येईल की," असं नवरदेव म्हणाले होते. अगदी मनापासून म्हणाले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त बोलून मोकळा होणारा होता. त्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर इंदिराबाईंनी पुढे सहा वर्षं वाणसामानाच्या याद्या लिहिल्या.

आता बेचाळीस वर्षांनी त्या नाचणार होत्या. गल्लीच्या टोकाला सहनाचा नाचाचा वर्ग होता, तिथे त्या चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी सरळ आत गेल्या आणि आठ वर्षांच्या मुलींच्या रांगेत शेवटी उभ्या राहिल्या. सहनाचं वय चौतीस. मुली तिला "मिस" म्हणतात म्हणून इंदिराबाईही "मिस" म्हणायच्या आणि वर्ग सुटला की वाकून पाया पडायच्या.

"अय्यो, आंटी, हे नको हं!" पहिल्या दिवशी सहना दोन पावलं मागे सरली होती.

"नको काय? विद्या घेते ना तुझ्याकडून? मग उभी राहा नीट."

या सहनाच्या डोक्यात एक खूळ होतं. भरतनाट्यम, पण गाणं नाही, मृदंग नाही, झांज नाही. एकट्या चेलोवर. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. गळ्याशी धरायचा नाही, गुडघ्यांत उभा धरून वाजवायचा. तो वाजवणार होता साकेत नावाचा एक इंजिनियर, आणि चीज होती दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा युरोपातल्या माणसाची. जागा ठरली बागेतला जुना बँडचा कट्टा: आठकोनी, वर पत्र्याची छत्री, चहूबाजूंनी मोकळा. महाराजांच्या काळी तिथे रविवारी इंग्लिश बँड वाजायचा, असं मनोहररावांच्या घरात सांगत. त्यांचे वाडवडील म्हैसूरच्या घोडदळातले. आजोबा बँडच्या कडेला साहेबाचं घोडं धरून उभे राहायचे. तेव्हा पाश्चात्त्य संगीत या घराण्याला नवीन नव्हतं. फक्त ते त्यांनी लगाम धरून ऐकलेलं होतं.

नाच आठ दिवसांवर आला तेव्हा इंदिराबाईंनी कॉफीचा लोटा नवऱ्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या. त्या समोर बसल्या म्हणजे काहीतरी कलम येणार, हे मनोहररावांना ठाऊक होतं.

"अहो, तुमचा हात."

"काय झालं हाताला?"

"त्या दिवशी तो हलायचा नाही."

मनोहररावांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हा हात म्हैसूरातल्या पहिल्या रांगेत प्रसिद्ध होता. मांडीवर ताल धरणारे हजार असतात. पण मनोहररावांची थाप अशी नेमकी पडायची की मागच्या रांगा त्यांच्याकडे बघून धरायच्या, त्यांच्या मागच्या त्यांच्याकडे बघून, आणि अर्ध्या तासात सगळं सभागृह एका मांडीसारखं वाजायचं. नवख्या मुली स्टेजवर गडबडल्या की चोरून त्या हाताकडे बघत. दोन शिक्षिका तर आमंत्रणाच्या वेळी स्पष्टच सांगत, "सर, तुम्ही पुढेच बसायचं." त्यांचा मान त्यांच्या हाताला होता, बाकीचे मनोहरराव हाताबरोबर आलेले असत.

"अगं, तो काय मी हलवतो? आपला आपण हलतो."

"तेच म्हणते मी. या संगीताला ताल नाही."

"तालाशिवाय संगीत कसं असेल?"

"आहे, पण तो थांबतो. मधेच रेंगाळतो. साकेतला वाटेल तेव्हा लांबतो, वाटेल तेव्हा आवळतो. मी त्याच्या श्वासाकडे बघून पाऊल टाकते. तुम्ही थाप दिलीत तर सगळी बाग थाप देणार, आणि माझं पाऊल त्यांच्या मागे जाणार. बेचाळीस वर्षं या घरात तुमच्या तालावर चाललंय. अकरा मिनिटं माझी मला चालू द्या."

मनोहररावांनी कॉफी ओतली, वाटीतून लोट्यात, लोट्यातून वाटीत, नको इतक्या वेळा. मग म्हणाले, "बरं. नाही हलवत."

"शपथ?"

"अगं, हात आहे तो, मंत्री नाही. सांगितलं की ऐकेल."

आणि मनातल्या मनात त्यांनी सौदा मांडून पाहिला. अकरा मिनिटं हात गप्प ठेवायचा; बदल्यात जन्मभराचं "आज कुणाचा?" बंद. तोटा कुठेच दिसेना.

उलट एक वरकड फायदा होता. मनोहररावांच्या डोक्यात एक हजेरीपट होता. कुणाच्या मुंजीला आपण गेलो, कुणाच्या बारशाला, कुणाच्या तेराव्याला. आणि त्यातले आपल्याकडे कोण आले. दोनशे बारा रंगप्रवेशांची हजेरी त्यांनी लोकांवर चढवून ठेवली होती आणि फेडून घ्यायला घरात एकही प्रसंग नव्हता. तो आता आला. त्यांनी फोन करायला सुरुवात केली. आवाज नम्र, पण प्रत्येक वाक्याच्या तळाशी "तुमच्या नातीच्या वेळी मी पावणेतीन तास बसलो होतो" हे बारीक अक्षरात असायचंच.

एकाच माणसाला त्यांनी फोन केला नाही. वेंकोबा. इंदिराबाईंचा थोरला भाऊ. आठ वर्षांपूर्वी मनोहररावांच्या साठीच्या शांतीला वेंकोबा आला, उपरणं दिलं, नमस्कार केला आणि पान मांडलेलं असताना न जेवता निघून गेला. येत नाही तो विसरलेला असू शकतो. पण येऊन जेवत नाही तो ठरवून आलेला असतो. पुढे कळलं की त्याची शुगर त्या दिवशी चढली होती. पण तोवर मनोहरराव रागावून चार दिवस झाले होते, आणि चार दिवसांचा राग कारण खोटं निघालं म्हणून कोण टाकून देतो? तेव्हापासून दोघे एकमेकांशी इंदिराबाईंमार्फत बोलत. "त्यांना सांग, पंखा बंद करायला." "अण्णाला सांग, पंखा चालूच राहील." मधे इंदिराबाई भाजी निवडत असायच्या.

वेंकोबाला इंदिराबाईंनीच बोलावलं.

पौषातला रविवार. सहा वाजले होते. दिवसभराचं ऊन बागेच्या गवतावर अजून थोडं लोळत होतं आणि गार हवा त्याला हळूहळू उठवत होती. कट्ट्यापुढे शंभरेक प्लास्टिकच्या खुर्च्या. हजेरीपटावरचे जवळजवळ सगळे आले होते. मनोहररावांनी दोनदा मान वळवून मोजून घेतलं. पहिल्या रांगेच्या मधोमध ते स्वतः. उजवीकडे वरलक्ष्मी, शेजारघरची, जिच्या नातीचा रंगप्रवेश झाला होता. आणि डावीकडची खुर्ची रिकामी.

खुर्च्या संपल्या तरी ती रिकामीच राहिली. लोक येत, तिच्याकडे बघत, पुढे जात. कडेला झाडाखाली उभे राहत. कारण नवऱ्याशेजारची खुर्ची बायकोची, आणि म्हैसूरात एवढी रीत सगळ्यांना कळते. बायको समोर कट्ट्यावर नाचायची आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मनोहररावांच्याही नाही. त्यांनी स्वतःच एकाला हात करून सांगितलं, "ती इंदिरेची."

शेवटी वेंकोबा आला, उशिरा, काठी टेकत. त्यानं खुर्ची पाहिली, मनोहररावांना पाहिलं, मागे पाहिलं. बसायला दुसरं काही नव्हतं. तो बसला. दोघे समोर बघत राहिले, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांसारखे.

इंदिराबाई कट्ट्यावर आल्या.

त्यांनी साधी सुती साडी नेसली होती, निळसर करडी, पहाटेच्या तळ्याच्या रंगाची. दागिना नाही. पायांत गेज्जे, म्हणजे घुंगरू, तेवढे. त्यांनी जमिनीला नमस्कार केला, मग सहनाला, मग साकेतला, मग बसलेल्यांना. मनोहररावांनी उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसले.

चेलो सुरू झाला.

पहिला स्वर इतका खालून आला की तो बागेतूनच उगवतोय असं वाटलं. जमिनीखाली कुणी झोपलेलं होतं आणि त्यानं कूस बदलली. इंदिराबाई हलल्या नाहीत. दुसरा स्वर आला. तिसरा. मग त्यांचे दोन्ही तळवे छातीपुढे उभे राहिले, कडेला कड लावून, आणि सावकाश उघडले. दार.

त्या आत गेल्या. म्हणजे कट्ट्यावर दोन पावलं पुढे आल्या, पण मनोहररावांना वाटलं, आत गेल्या. तिथे आणखी एक दार होतं. त्यांनी तेही उघडलं. हे जड होतं, खांदा लावावा लागला. पुढचं हलकं, बोटानंच सरकलं. एक दार खालून थोडं घासत होतं. ते उचलून उघडावं लागलं, आणि मनोहररावांना उगीचच आपल्या मागच्या दाराची आठवण झाली.

"कृष्ण कुठाय?" वरलक्ष्मी कुजबुजली.

"ऊं?"

"कुणाची वाट बघतेय ती? राधा आहे ना?"

मनोहररावांनी खांदे उडवले. गाणं नव्हतं, शब्द नव्हते, तेव्हा विचारायचं कुणाला? वरलक्ष्मीनं थोडा वेळ कृष्णाची वाट पाहिली, मग नाद सोडून तीही दारं बघायला लागली.

उजेड जात होता, पण जाताना घाई करत नव्हता. पत्र्याच्या छत्रीखाली एकच पिवळा दिवा लावला होता आणि त्याचा उजेड व बाहेरचा उजेड कुठे एकमेकांना मिळतात ते कळत नव्हतं. झाडांतून वटवाघळं निघाली, एकामागून एक, आवाज न करता, तळ्याकडे. चेलो त्यांच्याखालून चालला होता. मनोहरराव सवयीनं दारं मोजत होते. सातव्यानंतर त्यांना शंका आली की मधलं एक दुसऱ्यांदा उघडलं होतं. मग त्यांनी मोजणं सोडलं. किंवा त्यांच्या हातून मोजणं सुटलं, जसं झोप लागताना हातातलं वर्तमानपत्र सुटतं.

दोनशे बारा नाच त्यांनी पाहिले होते असं ते म्हणत. खरं सांगायचं तर त्यांनी दोनशे बारा नाच मोजले होते. पाय कधी पडतो, समेवर पडतो की नाही, हे हातानं पडताळत बसलं की डोळ्यांना फारसं काम उरत नाही. आज हात मांडीखाली दबून होता, मुंग्या येऊन बधिर होत चालला होता, आणि डोळे मोकळे होते. तेव्हा त्यांना दिसलं की इंदिराबाईंची मान जरा डावीकडे कलते. दिसलं की डावा गुडघा वाकताना त्या श्वास आधी घेतात. ही बाई त्यांच्या घरात बेचाळीस वर्षं होती. तरी तिला कुठेतरी पाहिलंय, एवढंच त्यांना आत्ता वाटत होतं. बसच्या खिडकीत, किंवा दुसऱ्याच्या लग्नात, किंवा एखाद्या गावी जिथे आपण एकच रात्र राहिलो. त्यांना वाटलं, विचारावं कुणाला तरी: ही कोण?

मग चेलो थांबला.

थांबला म्हणजे संपला नाही. एक स्वर धरून राहिला. साकेतनं डोळे मिटले होते आणि गज इतका हळू सरकत होता की तो सरकतोय हे फक्त ऐकूनच कळावं. इंदिराबाई एका अर्ध्या उघडलेल्या दाराशी उभ्या. एक तळवा आत, एक बाहेर.

मागे काय झालं ते मनोहररावांना वळून न बघताही कळलं. तीनचा ठेका लोकांनी केव्हाच ओळखला होता. रूपकच तो, पण महाराष्ट्रातला सात मात्रांचा नव्हे, इकडचा तीनचा, दोन थापा आणि एकदा हात उलटा. पहिल्या रांगेतला हात दिसत नव्हता म्हणून ते बिचकत, बोटांनीच धरत होते. आणि आता ठेकाच गेला. शंभर माणसांचे शंभर हात मांडीच्या वर चार बोटं अधांतरी थांबले. खाली यायला मात्रा नव्हती. सगळी बाग हात उचलून उभ्या राहिलेल्या वाटसरूंसारखी झाली, आणि त्या सगळ्यांवरून तो एक स्वर चालत गेला.

तेवढ्यात थाप पडली. खणखणीत.

वेंकोबा. त्याला ही टांगलेली शांतता सोसेना. आयुष्यभर पक्क्या तालावर वाढलेला माणूस. त्यानं मनातल्या मनात मात्रा मोजत ठेवल्या होत्या आणि त्याच्या हिशेबानं सम आली होती. ठाप्प. ठाप्प. हात उलटा. ठाप्प. ठाप्प. मागच्या रांगेला हायसं झालं. कुणीतरी धरलं होतं एकदाचं! दुसरी रांग वाजली, मग तिसरी, आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या हातांवर सुद्धा थापा पडायला लागल्या.

चेलोनं तो स्वर सोडला आणि पुढची ओळ उचलली, पण सावकाश, स्वतःच्या चालीनं. थापा पुढे धावत होत्या. साकेतनं डोळे उघडले. त्याचा गज अडखळला. आणि इंदिराबाईंची टाच खाली आली, थापेवर. चेलोच्या आधी. पुन्हा आली. पुन्हा थापेवर. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण मनोहररावांना टाच दिसत होती. लहानपणी शिकलेला पाय थाप ऐकली की मालकिणीला विचारत नाही.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही. मांडीकडे, जिथे हात असायचा तिथे.

मनोहररावांच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. एक म्हणजे हात बाहेर काढावा आणि बरोबर ताल धरावा. दोन आवर्तनांत सगळी बाग वेंकोबाला सोडून आपल्यामागे येईल, हे त्यांना छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं. आणि दुसरी म्हणजे बरोबर ताल नव्हताच. साकेतचा श्वास होता, आणि श्वासाला थाप द्यायची तर कुठे द्यायची?

त्यांनी हात बाहेर काढला. इंदिराबाईंनी तो बाहेर येताना पाहिला आणि त्यांचा चेहरा विझला, एका क्षणापुरता, जसा खिडकीपुढून कुणी गेल्यावर खोलीतला उजेड जातो.

बधिर झालेला तो हात डावीकडे गेला आणि वेंकोबाचा हात त्यानं वरच्यावर धरला.

वेंकोबानं सोडवायचा प्रयत्न केला. मनोहररावांनी तो आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि दुसराही हात वर ठेवला.

"भावजी?" वेंकोबा म्हणाला. आठ वर्षांतला पहिला शब्द, आणि तोही घाबरून.

"सुम्ने बसा," मनोहरराव म्हणाले. आठ वर्षांतले त्यांचे पहिले दोन. कानडी शब्दाला त्यांनी मराठी क्रियापद जोडलं होतं, आणि गप्प बसा म्हणजे किती गप्प, ते हाताच्या पकडीनं सांगितलं.

"अहो पण सम..."

"जाऊ द्या तिला. सम गेली."

पुढे बसलेले दोन म्हातारे एकमेकांचे हात धरून बसलेत, हे मागच्यांना दिसलं. त्यांच्या थापा बिचकल्या, विरळ झाल्या. मागे एकाच कुणाची तरी वाजत राहिली, ती बायकोनं कोपर मारून थांबवली असावी. मग बाग पुन्हा गप्प झाली, आणि त्या गप्पपणात चेलोचा गज आपल्या चालीवर परत आला. इंदिराबाईंची टाच वर उचललेली होती. ती खाली आली नाही. थांबली. साकेतनं श्वास घेतला, तेव्हा ती उतरली, इतकी हळू की घुंगरांतला एकच वाजला.

त्यानंतर काय झालं ते मनोहररावांना सांगता आलं नसतं. दारं उरली नव्हती. त्या उघड्यावर आल्या होत्या. हात पसरलेले, बोटं पाण्यातल्यासारखी. किंवा पाणी नसेल, गवत असेल, किंवा नुसती हवा. एकदा त्या वाकून काहीतरी उचलत होत्या आणि जे उचललं ते बघून हसल्या, आणि काय उचललं ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही. छत्रीखालचा पिवळा उजेड आता एकटाच होता. वेंकोबाचा हात त्यांच्या हातात होता, कोरडा, हाडांचा, मधूनच फडफडणारा, दगडाखाली सापडलेल्या पाखरासारखा. काही वेळानं तोही निवला. कुणाचा हात कुठे संपतो आणि कुणाचा सुरू होतो, हे बधिरपणात दोघांनाही कळेनासं झालं होतं.

चेलो गप्प झाला.

कुणी टाळी वाजवली नाही. नेहमी शेवट येतो तो ढोल वाजवत येतो. तीनदा पायांचा कडकडाट, मग सम, मग सगळ्यांना कळतं की झालं. इथे तसलं काही आलं नाही. इंदिराबाई उभ्या होत्या. लोक वाट बघत होते.

"मुगीता?" वेंकोबानं हळूच विचारलं. संपलं का?

"गोत्तिल्ला," मनोहरराव म्हणाले. ठाऊक नाही. दोनशे बारा नाचांत हे उत्तर त्यांनी एकदाही दिलेलं नव्हतं.

मग इंदिराबाई सरळ चालत कट्ट्याच्या तीन पायऱ्या उतरल्या, शेवटच्या पायरीला खांबाचा आधार घेऊन, आणि तेव्हा टाळ्या पडल्या. खूप पडल्या. वरलक्ष्मी उभी राहून वाजवत होती. पहिल्या रांगेतल्या दोन माणसांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत, एक नवरा आणि एक भाऊ. कारण त्यांचे हात एकमेकांत अडकलेले होते आणि आधी कुणी सोडायचे हे ठरत नव्हतं. मागे बायकांनी ते नोंदवून घेतलं. "बघितलंस? घरच्यांनीच टाळी नाही दिली."

सहना पळत आली, इंदिराबाईंना मिठी मारली आणि रडायला लागली. इंदिराबाईंनी तिला बाजूला केलं, वाकून पाया पडल्या, आणि मग खुर्चीत बसून घुंगरू सोडायला लागल्या. त्यांना आता पुन्हा वाकवेना. वेंकोबा काठी ठेवून पुढे वाकला आणि एका पायाचे सोडायला लागला. दुसऱ्या पायाशी मनोहरराव बसले. त्यांच्या उजव्या हाताला अजून गाठ लागत नव्हती.

"चुकले मी," इंदिराबाई म्हणाल्या. "शेवटाकडे. दोनदा."

"मला नाही कळलं."

"खरं?"

"मी मोजत नव्हतो."

त्यांनी नवऱ्याकडे बराच वेळ बघितलं. मग भावाकडे वळल्या. "अण्णा, घरी चल. सकाळी बिसीबेळे भात करून ठेवलाय. कमी तुपाचा."

वेंकोबा मनोहररावांकडे बघत राहिला. मधे भाजी निवडणारी बाई आज नव्हती; ती दमून खुर्चीत बसली होती. मनोहररावांनी घसा खाकरला. "चला," ते म्हणाले. "जेवूनच जा." "च"वर जोर जरा जास्तच पडला, पण तेवढा चालतो.

वेंकोबा ऑटो बघायला फाटकाकडे गेला. गवतावर दव धरायला लागलं होतं. खुर्च्या एकमेकींत घालून कुणी उचलत होतं. मनोहररावांनी इंदिराबाईंच्या खांद्यावर शाल टाकली आणि इतका वेळ ओठांवर आणून ठेवलेलं विचारलं.

"मग? फिटलं का आता?"

"काय फिटलं?"

"तेच गं. ते आपलं. माझ्याकडचं. रंगप्रवेशाचं."

इंदिराबाई हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "अहो, हा नाच माझा होता. चौदा महिने मी उठले, मी पाय आपटले, गुडघ्यांना तेल मी लावलं. तो तुमच्या खात्यात कसा येईल? वीस वर्षांची होते तेव्हाचं ते तिथेच आहे. ती मुलगी अजून तिथेच उभी आहे, साडी नेसून. तिला नाही मी उतरवून आणू शकत. तुम्ही तर नाहीच."

मनोहररावांनी शालीचं टोक नीट केलं. मग म्हणाले, "पण हात नाही हलवला."

"हलवला की," इंदिराबाई म्हणाल्या. "बघितलं मी कुठे नेलात ते." आणि त्यांनी तो हात धरला, उठण्यापुरता, आणि उठून उभ्या राहिल्यावर लगेच सोडला नाही. फाटकापर्यंत धरून ठेवला.

तेव्हा हिशेब हा असा झाला. सहनाला तिचं खूळ खरं झालेलं दिसलं. साकेतला शंभर माणसांची शांतता मिळाली, जी या गावात चेलोला अजून कुणी दिली नव्हती. वरलक्ष्मीला कृष्ण भेटला नाही, पण तिनं तक्रार केली नाही. वेंकोबाला आठ वर्षांनी बहिणीच्या घरचं जेवण मिळालं, आणि त्यासाठी त्यानं दिली ती एक सम. मनोहररावांनी आठ वर्षं जपलेला, दिवसातून एकदा पुसून ठेवलेला राग दिला, पहिल्या रांगेतला मान दिला, हाताची जाणीव दिली; आणि ज्यासाठी हे सगळं घेऊन आले होते ते त्यांना मिळालं नाही. बायकोचं त्यांच्याकडचं जे येणं होतं ते तसंच राहिलं, एक मिनिटही कमी न होता. आणि नाचाचं सगळं, पहिल्या दारापासून शेवटच्या पायरीपर्यंतचं, एकट्या इंदिराबाईंनी भरलं.